आईच्या पेटीतले डिस्चार्ज कार्ड आणि चेंबर समन्सचे प्रतिज्ञापत्र

वादपत्रात, म्हणजे दावा मांडणाऱ्या मूळ अर्जात, दुरुस्ती मागणाऱ्या अर्जाला जोडायचे प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा सर्वांत शेवटी आणि जुन्या फाइलीतल्या मसुद्यावरून तयार होते. दुरुस्तीचा मजकूर वकील पुन्हा पुन्हा वाचतात, पक्षकाराशी चर्चा करतात, शेड्यूल टंकलिखित करून घेतात. प्रतिज्ञापत्रावर मात्र पक्षकाराची सही नोटरीच्या टेबलावर उभ्याउभ्या होते. सुनावणी, म्हणजे दाव्याचे साक्षीपुराव्याचे काम, सुरू झाल्यानंतर मागितलेल्या दुरुस्तीचा निकाल मात्र मुख्यतः याच दुर्लक्षित कागदावर लागतो. ते कसे, हे दाखवण्यासाठी पुढील प्रकरण अभ्यासापुरते बेतले आहे. त्यातील पक्षकार प्रत्यक्षातील कोणी नाहीत. कायदा आणि मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयातील कामाची पद्धत मात्र जशी आहे तशीच घेतली आहे.

परळमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतली एक खोली-स्वयंपाकघराची जागा वडिलांच्या नावावर होती. वडील 2011 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि कोल्हापूरला सासर असलेली मुलगी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा. थोरला भाऊ जागा विकणार असल्याचे कानावर आल्यावर बहिणीने डिसेंबर 2016 मध्ये वाटपाचा आणि मनाईहुकुमाचा दावा लावला. थोरला भाऊ प्रतिवादी क्रमांक 1, धाकटा क्रमांक 2 आणि आई क्रमांक 3. वडील तिन्ही मुलांना जागेत सारखा हिस्सा देणार असे वारंवार सांगत, या कथनाला बळ यावे म्हणून वादपत्रात एक वाक्य घातले गेले: ‘वादीचे वडील अखेरपर्यंत पूर्ण शुद्धीत व खंबीर मनाचे होते.’ हे वाक्य पुढे महागात पडले.

18 ऑगस्ट 2017 रोजी थोरल्या भावाने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल केली. वडिलांनी 17 जुलै 2006 रोजी नोंदणीकृत बक्षीसपत्राने जागा आपल्याला दिली, असा तिचा गाभा होता. बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत 2019 मध्ये कागदपत्रांच्या यादीसोबत आली. प्रतीवर वडिलांचे छायाचित्र होते आणि सहीच्या जागी अंगठा होता. आयुष्यभर मस्टरवर झोकदार सही करणाऱ्या माणसाने अंगठा का दिला, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये मुद्दे काढण्यात आले, मग महामारीत सारेच थांबले, आणि जून 2022 मध्ये वादीने सरतपासणीचे, म्हणजे स्वतःच्या साक्षीचे, प्रतिज्ञापत्र दाखल केले. उलटतपासणी सुरू व्हायची होती.

ऑक्टोबर 2022 मध्ये आई वारली. नोव्हेंबरमध्ये धाकट्या भावाने आईची पत्र्याची पेटी बहिणीच्या स्वाधीन केली. तीत महापालिकेच्या एका रुग्णालयाचे जुने डिस्चार्ज कार्ड निघाले. शाई उडालेली, घडीवर फाटलेले, पण तीन गोष्टी वाचता येत होत्या: आंतररुग्ण क्रमांक, 9 जुलै ते 23 जुलै 2006 हा कालावधी, आणि शरीराच्या उजव्या बाजूला अर्धांगवायूमुळे आलेला अशक्तपणा. बक्षीसपत्राची तारीख त्या दोन तारखांच्या मधली. त्या क्रमांकावरून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये दाखल-सुट्टीच्या नोंदवहीचा उतारा मिळाला. केसपेपर नष्ट झाल्याचे उत्तर आले. एप्रिल 2023 मध्ये दुरुस्तीसाठी चेंबर समन्स (या न्यायालयात दुरुस्तीच्या अर्जाचे हे नाव) दाखल झाले.

चेंबर समन्सच्या शेड्यूलमध्ये दोन दुरुस्त्या होत्या. पहिली, आई वारल्याने वादीचा हिस्सा एक चतुर्थांशाऐवजी एक तृतीयांश करण्याची. दुसरी, बक्षीसपत्र ‘खोटे, बनावट व कपटाने केलेले’ असल्याने ते वादीवर बंधनकारक नाही, अशा घोषणेची मागणी आणि त्यामागची वस्तुस्थिती नव्याने घालण्याची. मूळ दस्त वादीने केलेला नसल्यामुळे दस्त रद्द करून मागण्याऐवजी तो बंधनकारक नसल्याची घोषणा मागणे बरोबरच होते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सुहृद सिंग प्रकरणात हाच फरक सांगितला आहे.

समर्थनार्थ जोडलेले प्रतिज्ञापत्र वादीच्या मुलाने, वादीचा मुखत्यार म्हणून, केले होते. त्यातला कामाचा मजकूर एवढाच: ‘सदर बाबी वादपत्रात अनवधानाने नमूद करावयाच्या राहून गेल्या. वादीने यथायोग्य तत्परता बाळगूनही सदर दुरुस्ती यापूर्वी मागता आली नाही. दुरुस्तीने दाव्याचे स्वरूप बदलत नाही व प्रतिवादींचे कोणतेही नुकसान होत नाही.’ आणि शेवटी, ‘वर लिहिलेला सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’

असा मजकूर मुंबईत रोज कित्येक फाइलींना लागतो, आणि सुनावणी सुरू होण्याआधीच्या साध्या दुरुस्त्यांत तो खपूनही जातो. दुरुस्तीबाबत आपल्याकडचे धोरण मुळातच उदार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1909 मध्ये किसनदास रूपचंद विरुद्ध रचप्पा विठोबा या प्रकरणात दोन कसोट्या घालून दिल्या: दुसऱ्या बाजूवर अन्याय होऊ नये, आणि वादातील खऱ्या प्रश्नाचा निर्णय होण्यासाठी दुरुस्ती आवश्यक असावी. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये पिरगोंडा पाटील प्रकरणात त्याच कसोट्या स्वीकारल्या, आणि 2022 मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स या मुंबईच्याच प्रकरणात, 1986 च्या दाव्यातील दुरुस्तीच्या संदर्भात, उदार दृष्टिकोनाचा पुन्हा पुरस्कार केला. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 ला 1 जुलै 2002 पासून परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी अट, जोडले गेले आहे. सुनावणी सुरू झाल्यानंतर, यथायोग्य तत्परता बाळगूनही पक्षकाराला ती बाब आधी उपस्थित करता आली नसती, असा निष्कर्ष न्यायालयाने काढल्याखेरीज दुरुस्तीचा अर्ज मंजूर करता येत नाही. सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले की सुनावणी सुरू झाली असे धरायचे, हे 2008 च्या विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निवाड्याने स्पष्ट केले. म्हणजे आपल्या प्रकरणात जून 2022 ही सीमारेषा ठरते. ती ओलांडल्यानंतर ‘नुकसान होत नाही’ हे उत्तर पुरत नाही; आधी का नाही, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर देण्याची जागा म्हणजे प्रतिज्ञापत्र.

त्या दृष्टीने पहिले प्रतिज्ञापत्र वाचले तर ते स्वतःच स्वतःला खोडते. बाब अनवधानाने राहिली असेल तर तत्परता नव्हती. तत्परता होती तर अनवधान कुठून आले? एकाच परिच्छेदात दोन्ही शपथेवर सांगणाऱ्याला उत्तर देण्यासाठी प्रतिपक्षाला फार कष्ट पडत नाहीत. हिश्श्याच्या दुरुस्तीच्या बाबतीत तर हा मजकूर हास्यास्पद होता. ऑक्टोबर 2022 मध्ये झालेला आईचा मृत्यू 2016 च्या वादपत्रात ‘अनवधानाने’ राहून गेला, असे मुलाने शपथेवर सांगितले होते. दावा दाखल झाल्यानंतरच्या घटनेला तत्परतेची कसोटी लावण्याचे कारणच पडत नाही; मृत्यूचा दाखला आणि दोन वाक्ये पुरली असती. दोन पूर्णपणे वेगळ्या दुरुस्त्यांना एकाच साच्यातले कारण दिल्यामुळे निर्विवाद दुरुस्तीही वादात सापडली.

दुसरा दोष प्रतिज्ञा कोणी केली याचा. आदेश 19 नियम 3 प्रमाणे प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील अशाच गोष्टी असाव्यात. अंतरिम अर्जांमध्ये समजुतीवर आधारलेली विधाने चालतात, पण समजूत कशावरून झाली ते सांगावे लागते. मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्येच बजावले होते की सत्यापन (मजकूर कशावरून खरा, हे सांगणारे शेवटचे निवेदन) या नियमाच्या धर्तीवर असावे आणि माहिती ऐकीव असेल तर तिचा उगम उघड करावा. वादीला काय ठाऊक होते आणि केव्हा ठाऊक झाले, हे फक्त वादी सांगू शकते. मुलगा 2006 मध्ये शाळेत होता. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या व्यक्तिगत माहितीतल्या गोष्टींबद्दल मुखत्यार साक्ष देऊ शकत नाही, हे 2004 च्या जानकी भोजवानी निवाड्यानंतर नव्याने सांगायला नको. वादी कोल्हापूरला असते, तिला मुंबईला यायला त्रास होतो, हे कारण खरे असले तरी प्रतिज्ञापत्र कोल्हापुरातल्या नोटरीपुढेही करता आले असते.

थोरल्या भावाच्या उत्तरादाखल प्रतिज्ञापत्राने नेमक्या दुखऱ्या जागा दाबल्या. बक्षीसपत्राची माहिती वादीला ऑगस्ट 2017 पासून आहे. प्रमाणित प्रत, तीवरचे छायाचित्र आणि अंगठा 2019 पासून तिच्या वकिलांकडे आहे. वडील रुग्णालयात होते हे सख्ख्या मुलीला ठाऊक नव्हते, यावर कोण विश्वास ठेवील? शिवाय वडील अखेरपर्यंत खंबीर होते, हे तिचेच सत्यापित कथन. ती कबुली आता दुरुस्तीच्या आडून मागे घेता येणार नाही. आणि मागणी मुदतबाह्य आहे.

मुदतीचा हिशेब इथे थोडा सविस्तर पाहावा लागतो, कारण पहिल्या मसुद्यातला ‘बनावट’ हा शब्द बहुधा त्या हिशेबाच्या भीतीनेच आला असावा. दस्त बनावट असेल तर तो मुळातच शून्य, आणि मुदतीची अडचण टळते, असा सोयीचा युक्तिवाद असतो. दबावाखाली किंवा अनुचित प्रभावाखाली झालेला दस्त मात्र शून्य नसून शून्यकरणीय, म्हणजे रद्द होईपर्यंत अमलात राहणारा, असतो, आणि वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांत त्याला आव्हान द्यावे लागते. ज्ञान 18 ऑगस्ट 2017 चे धरले तर मुदत ऑगस्ट 2020 मध्ये संपत होती. महामारीमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने वगळला, म्हणून उरलेले पाच महिने 1 मार्च 2022 पासून मोजले तरी ऑगस्ट 2022 च्या पहिल्या आठवड्यात मुदत संपते. चेंबर समन्स एप्रिल 2023 चे. उलट, दस्ताच्या दिवशी वडील रुग्णालयात होते हे नोव्हेंबर 2022 मध्ये कळले असे धरले तर भरपूर मुदत शिल्लक राहते. म्हणजे प्रतिज्ञापत्रातली एकच तारीख तत्परतेचाही निकाल लावणार होती आणि मुदतीचाही. पहिल्या प्रतिज्ञापत्रात ती तारीखच नव्हती.

चेंबर समन्सच्या सुनावणीच्या वेळी वादीच्या नव्या वकिलांनी पूरक प्रतिज्ञापत्र दाखल करण्यासाठी वेळ मागितला. प्रतिवादीचा विरोध होता, आणि तो अवाजवी नव्हता. हरकत आल्यावर भोके बुजवण्याची मुभा सर्रास दिली तर पहिल्या शपथेला अर्थ उरत नाही. न्यायालयाने खर्चाच्या अटीवर वेळ दिला.

पूरक प्रतिज्ञापत्र वादीने स्वतः केले, आणि त्याची घडण पहिल्याहून अगदी वेगळी होती. जुलै 2006 मध्ये आपण कोल्हापूरला होतो आणि वडिलांना काही दिवस रुग्णालयात ठेवले होते एवढेच आईने फोनवर सांगितले होते, तारखा सांगितल्या नव्हत्या, हे तिने आधीच मान्य करून टाकले. बक्षीसपत्राची तारीख 2017 मध्ये कळली हेही मान्य केले. त्यानंतरच्या वर्षी आपण रुग्णालयात तोंडी चौकशी केली, आंतररुग्ण क्रमांकाशिवाय जुनी नोंद सापडणार नाही असे उत्तर मिळाले, आणि त्या चौकशीचा कोणताही कागद आपल्याजवळ नाही, असे तिने स्पष्ट लिहिले. माझ्या मते संपूर्ण प्रतिज्ञापत्रातले हे सर्वांत बळकट वाक्य आहे. कागद नसताना कागद नाही म्हणून सांगणाऱ्या शपथकर्त्याच्या उरलेल्या विधानांवर विश्वास ठेवणे न्यायालयाला सोपे जाते, आणि उलटतपासणीत प्रतिपक्षाच्या हाती काही नवे लागत नाही.

पेटी कोणी, कधी आणि कोणासमक्ष दिली, हे तारखेसह नमूद केले होते, आणि धाकट्या भावाचे छोटे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र सोबत होते. धाकटा भाऊ प्रतिवादी असला तरी त्याला ही गोष्ट प्रत्यक्ष माहीत होती. वादीच्या तोंडून ती ऐकीव ठरली नसती, पण त्याच्या तोंडून ती पक्की झाली. सत्यापनातही ‘परिच्छेद 3 ते 7 माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे, परिच्छेद 8 व 9 डिस्चार्ज कार्ड व नोंदवहीच्या उताऱ्यावरून, आणि परिच्छेद 10 मधील कायदेशीर निवेदन वकिलांच्या सल्ल्यावरून खरे समजते’ अशी फोड केली होती.

‘अखेरपर्यंत खंबीर’ या वाक्याला उत्तर देणे अवघड होते. ते वाक्य चुकीने पडले असे म्हणण्याचा मोह मसुदा करताना होणे साहजिक आहे, पण तसे म्हटले असते तर वादपत्राचे सत्यापनच संशयास्पद ठरले असते. प्रतिज्ञापत्राने वाक्य तसेच ठेवले आणि त्याचा काळ सांगितला: ते कथन वडिलांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांबद्दल होते, 2006 च्या आजारातून ते पुढे सावरले होते, तेव्हा 2010-11 मधला खंबीरपणा आणि जुलै 2006 मधला अशक्तपणा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कबुली मागे घेण्याचा आक्षेप यामुळे बोथट झाला.

आणि ‘बनावट’ हा शब्द गेला. छायाचित्र वडिलांचेच आहे हे वादी शपथेवर नाकारू शकत नव्हती, आणि जे शपथेवर सांगता येत नाही ते दुरुस्तीत मागता येत नाही. त्याऐवजी आदेश 6 नियम 4 ला हवा तसा तपशील आला: आजारामुळे कायमची किंवा तात्पुरती मानसिक क्षमता क्षीण झालेल्या व्यक्तीबाबत संविदा अधिनियमाच्या कलम 16 मध्ये जो अनुचित प्रभाव सांगितला आहे, तो कोणत्या तारखेला, कोणत्या परिस्थितीत, कोणाकडून पडला, रुग्णालयातून निबंधक कार्यालयात नेताना सोबत कोण होते ते ठाऊक नाही, सहीऐवजी अंगठा का, याचा खुलासा दस्तात नाही. प्रतिज्ञापत्राची शिस्त दुरुस्तीच्या मजकुरालाही लागते, ती अशी.

न्यायालयाने हिश्श्याची दुरुस्ती विनाअट मंजूर केली. बक्षीसपत्राबाबतची दुरुस्ती, सुधारलेल्या मजकुरापुरती, दहा हजार रुपये खर्चाच्या अटीवर मंजूर झाली. आंतररुग्ण क्रमांक हाती येण्यापूर्वी वादीला ठोस कथन करता आले नसते, हा निष्कर्ष तारखांच्या आधारे काढला गेला. दुरुस्तीच्या टप्प्यावर नव्या कथनाच्या खरेपणात शिरायचे नसल्याने रुग्ण मध्येच बाहेर जाऊन आला असेल, या प्रतिवादीच्या म्हणण्याचा विचार पुराव्याच्या वेळेवर सोडला. मुदतीचा मुद्दा खुला ठेवून त्यावर जादा मुद्दा काढला, आणि या मागणीपुरती दुरुस्ती दाव्याच्या मूळ तारखेपासून मानली जाणार नाही असेही स्पष्ट केले, जे 2002 च्या संपत कुमार निवाड्यानुसार न्यायालयाला करता येते. दुसऱ्या न्यायाधीशांनी 2019 मधला अंगठा पाहून चौकशी करायला हवी होती, असे म्हणत हाच अर्ज फेटाळला असता तर तो निकाल असमर्थनीय म्हणता आला नसता. 2017 ते 2022 या काळात एकही लेखी अर्ज नाही, ही उणीव खरीच होती. खर्चाची अट तिचीच किंमत आहे.

आदेशानंतरचे काम अनेकांच्या हातून निसटते. आदेशात मुदत दिलेली नसेल तर आदेश 6 नियम 18 प्रमाणे चौदा दिवसांत मूळ वादपत्रात दुरुस्ती करून घ्यावी लागते, नाहीतर वेळ वाढवून मागावा लागतो. दुरुस्ती लाल शाईने करून, आदेशाची तारीख समासात घालून, वादपत्राचे सत्यापन पुन्हा करावे लागते. आणि त्याशिवाय आदेश 6 नियम 15 च्या पोटनियम 4 खालचे नवे प्रतिज्ञापत्र लागते. चेंबर समन्सला जोडलेले प्रतिज्ञापत्र ती जागा घेऊ शकत नाही. तिथे शपथ होती ती विलंबाच्या कारणाची. इथे शपथ असते दुरुस्त झालेल्या वादपत्रातील वस्तुस्थितीची. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या 2005 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रतिज्ञापत्राने शपथकर्त्यावर सत्यतेची जादा जबाबदारी येते, ते सुनावणीतला पुरावा मात्र ठरत नाही, आणि दुरुस्तीनंतर तिला अनुसरून नवे प्रतिज्ञापत्र दाखल करावे लागते, असे सांगितले आहे. खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 193 खाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे शपथकर्त्याला सही करण्यापूर्वी त्याच्या भाषेत वाचून दाखवलेले बरे. कोल्हापूरहून आलेल्या साठीच्या बाईला इंग्रजी मसुद्यावर नुसती सही करायला लावणे म्हणजे पुढच्या उलटतपासणीची तयारी प्रतिपक्षाला करून देणे होय.

हे नवे प्रतिज्ञापत्र पुरावा नसल्यामुळे डिस्चार्ज कार्ड आणि नोंदवहीचा उतारा सिद्ध करण्यासाठी वादीला पूरक सरतपासणी आणि रुग्णालयाच्या अभिलेख विभागातील साक्षीदाराला समन्स, अशा दोन्ही गोष्टी लागतील. थोरल्या भावाने जादा कैफियत दाखल केली आहे. तिच्यात वडिलांना त्या दिवशी रुग्णालयाच्या परवानगीने बाहेर नेल्याचे तो मान्य करतो, पण परवानगीचा कागद जोडत नाही.